गाणाऱ्याचे देणे

आकाशवाणीच्या स्टुडिओत एखादी गायिका अर्धा तास गायली, की तिला तिच्या श्रेणीप्रमाणे मानधन मिळते. साथीच्या तबलजीलाही मिळते. त्याच गायिकेचे ध्वनिमुद्रित गाणे एखाद्या खासगी एफएम वाहिनीने दिवसभर वाजवले, तर वाहिनीकडून निघालेली रक्कम आधी पोचते ती संगीत कंपनीकडे. त्यातले गायिकेपर्यंत काय येईल, हे व्यवहारात बहुतेक वेळा कंपनीवर अवलंबून असते. श्रोत्याने गाणे दोन्हीकडे ऐकले, प्रसारणाचा वेळही दोन्हीकडे तिच्याच आवाजाने भरला. मग तिचा मोबदला एका ठिकाणी हक्काचा आणि दुसऱ्या ठिकाणी मर्जीचा का असावा?

हा वाद आपल्याकडे जुना आहे. 1960च्या दशकात लता मंगेशकर आणि महंमद रफी रॉयल्टीच्याच प्रश्नावरून दुरावले आणि काही वर्षे एकत्र गायले नाहीत. संगीतकाराला रॉयल्टी मिळते, तिच्यात गायकाचाही वाटा हवा, असे लताबाईंचे म्हणणे होते. गाण्याचे पैसे घेतले, तिथे गायकाचा संबंध संपला, असे रफीसाहेबांचे. रफीसाहेबांच्या भूमिकेत सचोटी होती. चित्रपट पडला तर निर्माता बुडतो, गायकाला दिलेले पैसे कोणी परत मागत नाही. मग चित्रपट चालला म्हणून वाटा कसा मागायचा? पण हा हिशेब निर्माता आणि गायक या दोघांतला आहे. रेडिओने त्या चित्रपटावर पैसे लावले नव्हते, कसलीही जोखीम घेतली नव्हती. तो नंतर आला आणि तयार आवाजावर त्याने जाहिरातींचा धंदा उभारला. गायकाला निर्मात्याने पैसे चुकते केले, हे रेडिओने काही न देण्याचे कारण होऊ शकत नाही.

रेडिओचालकांचा दुसरा मुद्दा प्रसिद्धीचा. आम्ही वाजवतो म्हणून गाणे खपते, असे ते सांगतात. रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ ऐकून लोक रेकॉर्ड विकत घ्यायला जात, तेव्हा त्यात बरेच तथ्य होते. तलत महमूद 1998 मध्ये गेले; आज रात्री त्यांची गझल लावून कोणाची प्रसिद्धी होते? जुन्या गाण्यांवरच चालणाऱ्या वाहिनीपाशी तर या प्रश्नाला उत्तरच नाही. शिवाय प्रसिद्धी संगीतकाराची आणि गीतकाराचीही होते, तरी त्यांना रॉयल्टी देऊ नये असे कायदा म्हणत नाही.

अमेरिकेत एएम-एफएम रेडिओपुरती ही विसंगती अजून जशीच्या तशी आहे. ‘रिस्पेक्ट’ हे गाणे ओटिस रेडिंगने लिहिले आणि 1965 मध्ये स्वतः गायले. लोकांच्या कानांत ते राहिले अरेथा फ्रँकलिनच्या 1967च्या ध्वनिमुद्रणामुळे. तरीही तिथल्या एएम-एफएम केंद्रांनी तिच्या आवाजातले ते गाणे वाजवले, की पैसे गीतरचनेचे निघत; तिच्या गाण्याचे काहीच नाही. 1995च्या कायद्याने डिजिटल प्रसारणापुरता हा अन्याय दूर झाला. त्या पैशातला निम्मा भाग ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा, 45 टक्के मुख्य कलावंताचा आणि 5 टक्के साथीच्या वादक-गायकांचा. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की कलावंताचा भाग कंपनीच्या तिजोरीतून न जाता थेट त्याला दिला जातो.

आपल्या कायद्याची वाट वेगळी होती. 1977च्या एका निकालाला जोडलेल्या टिपणात न्या. कृष्ण अय्यर यांनी खेद व्यक्त केला, की कायदा स्वररचनेला संरक्षण देतो, ती गाणाऱ्या गळ्याला देत नाही. 1994च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क मान्य केला. पण चित्रपटासाठी आवाज द्यायला संमती दिली, की तो हक्क तिथेच संपे. म्हणजे पार्श्वगायक बाहेरच. अखेर 2012च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीवर त्यांचा अधिकार लिहून दिला. पुढच्याच वर्षी गायकांची संस्था कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदली गेली, पण संगीत कंपन्यांशी करार व्हायला 2023 उजाडले. कागदावरचा हक्क हातात पडायला एक दशक लागते, याचे कारण पैशांचा रस्ताच कंपनीच्या दारातून जातो. रेडिओने भरलेल्या रकमेतला कलावंतांचा हिस्सा कायद्यानेच ठरवून त्यांच्या सोसायटीकडे परस्पर जमा व्हायला हवा.

यामुळे लहान केंद्रे बंद पडतील ही भीती खरी आहे. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग वाहिनी’सारख्या सामुदायिक केंद्राला आणि महानगरातल्या व्यापारी वाहिनीला एकच दर लावणे अन्यायाचेच ठरेल. सामुदायिक केंद्रांकडून नाममात्र रक्कम घ्यावी आणि व्यापारी वाहिन्यांचा दर उत्पन्नावर ठरवावा. अशी सोय करता येते, म्हणूनच लहानांची ढाल पुढे करून मोठ्यांनी सुटू नये.

मुदतीचा प्रश्नही आहे. ध्वनिमुद्रणावर कंपनीचा हक्क 60 वर्षे, त्यातल्या आवाजावर कलावंताचा 50. आजच्या मुदतीने मोजले, तर 1970 साली ध्वनिमुद्रित होऊन प्रकाशित झालेल्या गाण्यावर गायकाचा हक्क 2020 अखेर संपतो, कंपनीचा मात्र 2030 अखेरपर्यंत चालतो. या दहा वर्षांच्या फरकाचे समर्थन कशाने करायचे, ते मला कळत नाही.

सगळ्यांत वाईट स्थिती वादकांची. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा भरदार वाद्यवृंद उभा केला तो मोठ्या प्रमाणात गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. हळदोण्याचे चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवत. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संयोजन केले. हे काही जण तरी नावाने ओळखले जातात. त्यांच्यासमोर नोटेशन मांडून बसलेल्या पंचवीस-तीस व्हायोलिनवादकांची नावे पडद्यावर कधी आली नाहीत. आणि 2012च्या त्याच दुरुस्तीत एक परंतुक आहे: चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो रॉयल्टीपुरता कलावंत धरला जाणार नाही. नाव न देण्याचा रिवाज निर्मात्यांनी पाडला. आता त्याच रिवाजाचे बोट धरून वादकाला हिश्शातून वगळता येईल. हे परंतुक काढून टाकावे आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला हजर असलेल्या वादकांची यादी सोसायटीकडे देणे निर्मात्यावर बंधनकारक करावे. रेडिओने पैसे भरले, तरी ते कोणाकोणाला वाटायचे हे या यादीशिवाय ठरणार नाही.