साक्षी आणि औषध

औषधाने शांत झालेले मन माझे की औषधाचे, हा प्रश्न क्लोझापिन हे मनोविकारावरचे औषध सुरू झाल्यावर माझ्या धाकट्या मामांनी मला विचारला, आणि तो केवळ रुग्णाचा नव्हे, तत्त्वचिंतकाचा आहे असे मला तत्क्षणी वाटले. सांख्यांनी मन, बुद्धी आणि अहंकार ही तिन्ही प्रकृतीच्या दफ्तरी दाखल करून पुरुषाला निव्वळ साक्षी ठेवले आहे. हे मान्य केले, तर जे मुळातच जड आहे त्यावर जड द्रव्याने इलाज केल्याने साक्षीची यत्किंचितही हानी होत नाही.

मात्र द्रव्याला द्रव्याचेच नियम लागू. १९७५ साली फिनलंडमध्ये या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होऊन रुग्ण दगावले. म्हणून आरंभीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासतात, आणि ताप आल्यास वा घसा दुखल्यास त्याच दिवशी. क्षुल्लक वाटणारे बद्धकोष्ठही येथे प्राणावर बेतू शकते.

एका एकादशीस जोडून मामांनी दोन दिवसांहून अधिक काळ गोळ्या वर्ज्य केल्या. ४८ तासांवर खंड पडला की जुनी मात्रा एकदम घेणे घातक, पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढावे लागते. त्या रात्री भरलेली डबी हाती घट्ट धरून मी डॉक्टरांना फोन लावला. जल, फळ, दूध यांच्याप्रमाणेच औषधानेही व्रतभंग होत नाही, ही तजवीज आपल्या धर्मशास्त्राने फार पूर्वीच करून ठेवली आहे, हे मी मामांना दुसऱ्या दिवशी सांगितले. पुढल्या एकादशीला त्यांनी देवापुढचे तीर्थ घेतले, आणि मग गोळी.