अडथळ्याचे खटले आणि न विचारलेला प्रश्न

२१ मे २००० रोजी अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, हम्बोल्ट काउंटीतल्या एका रस्त्याकडेला गाडीपाशी उभ्या असलेल्या लॅरी हायबेल या पशुपालकाला शेरिफच्या डेप्युटीने नाव विचारले. एक पुरुष गाडीत एका बाईला मारतो आहे, असा कोणीतरी फोन केला होता. हायबेलने नाव सांगितले नाही. डेप्युटीने अकरा वेळा विचारले आणि अकराही वेळा नकार मिळाल्यावर त्याला अटक केली. आरोप होता अधिकाऱ्याच्या कामात अडथळा आणल्याचा. खालच्या कोर्टाने अडीचशे डॉलर दंड ठोठावला. तो भरून घरी जायचे सोडून हायबेल अपिलामागून अपिले करत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरला.

तो निकाल मला पटत नाही. पण रस्त्यावर थांबवलेल्या माणसाकडे नाव मागण्याचा पोलिसाला अधिकार आहे का, या प्रश्नावर न्यायाधीशांनी निदान डोके खपवले आणि उत्तर लिहून ठेवले. अडथळ्याच्या आरोपात हे फार क्वचित घडते. बहुतेक आरोपी अडीचशे डॉलर भरून सुटतात. त्यांना दोष देता येत नाही, ते शहाणेच आहेत. मला खटकते ती त्यांच्या शहाणपणावर चालणारी व्यवस्था.

ही व्यवस्था पाहायला फ्लोरिडा बरे. त्या राज्याच्या ६७ काउंट्यांपैकी प्रत्येकीला स्वतःचे काउंटी कोर्ट आहे, आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकेल असे किरकोळ गुन्हे तिथे चालतात. अधिकाऱ्याला हिंसेविना विरोध किंवा अडथळा करणे हा त्यातलाच एक. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष कैद आणि हजार डॉलर दंड. सरकारी वकिलाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. अधिकारी त्या वेळी कायदेशीर कर्तव्य कायदेशीर रीतीने बजावत होता, आणि आरोपीच्या कृतीने त्यात खरोखर अडथळा आला. नुसते तोंडी वाद घालणे सहसा पुरत नाही. ह्यूस्टन शहराने पोलिसाच्या कामात कोणत्याही प्रकारे व्यत्यय आणण्याला गुन्हा ठरवले होते. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच रद्द केला, कारण पोलिसाशी हुज्जत घालण्याची मुभा ही मोकळ्या समाजाची खूण आहे असे न्यायालयाला वाटले.

कागदावर नागरिकाला एवढे संरक्षण आहे. पण ते ज्युरीपुढे उभे राहणाऱ्यालाच मिळते.

अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपीला न्यायाधीशापुढे आणतात. कित्येकदा तो तुरुंगातूनच व्हिडिओवर दिसतो. जामिनाचा आकडा ठरतो. तिथेच, वकिलाशी धड बोलणे होण्याआधी, गुन्हा कबूल केला तर भोगलेली रात्र हीच शिक्षा धरून आजच्या आज सुटका, असा मार्ग पुढे येऊ शकतो. सोमवारी कामावर हजर न राहिल्यास नोकरी जाईल अशा माणसाला त्या क्षणी घटनेतली कलमे आठवत नाहीत. तो मार्ग नको असेल तर पुढच्या तारखा. काही प्रकरणांत सरकारी वकील आरोपपत्रच दाखल करत नाही, किंवा दाखल केलेले मागे घेतो. पहिलाच गुन्हा असेल तर काही महिन्यांचा सुधारणा कार्यक्रम असतो. राग आवरण्याचा वर्ग, थोडी समाजसेवा, शुल्क, आणि सगळे पार पडले की आरोप रद्द. कधी आरोप उतरवून सार्वजनिक शांतता भंगावर आणतात. आणि फ्लोरिडात आणखी एक मार्ग म्हणजे ‘नो कॉन्टेस्ट’. आरोपी म्हणतो, मी कबूल करत नाही, पण लढतही नाही. न्यायाधीश दोषी ठरवणे राखून ठेवतो, खर्च आणि परीक्षाकाळ लावतो, आणि माणूस ‘मला दोषी ठरवलेले नाही’ असे सांगायला मोकळा होतो. खटलाच हवा असेल तर सहा जणांची ज्युरी मिळते. तिच्यापर्यंत फारच थोडे पोचतात. संबंध देशात राज्यांच्या कोर्टांतल्या दोषसिद्धींपैकी सुमारे ९४ टक्के कबुलीतून येतात, असा आकडा सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मध्ये नोंदवला होता, आणि तो गंभीर गुन्ह्यांचा होता. किरकोळ गुन्ह्यांत घाई त्याहून जास्तच.

माल्कम फीली या अभ्यासकाने १९७०च्या दशकात न्यू हेवनच्या खालच्या कोर्टाचा अभ्यास केला. हजाराहून अधिक प्रकरणांच्या त्याच्या नमुन्यात एकही ज्युरीपुढे गेले नव्हते. प्रक्रिया हीच शिक्षा असते, हा त्याचा निष्कर्ष आता इतका सर्वपरिचित झाला आहे की त्यातली धार गेली आहे. गरिबाला मिळणाऱ्या सरकारी खर्चाच्या वकिलासाठीही फ्लोरिडात अर्जाचे पन्नास डॉलर लागतात, हे वाचल्यावर ती थोडी परत येते.

आता नेमके काय हरवते ते पाहू. चोरीच्या खटल्यात तडजोड झाली तरी चोरीला गेलेल्या वस्तूबद्दल फारशी शंका उरत नाही. अडथळ्याचा गुन्हा निराळा आहे. इथे गुन्ह्याचे अस्तित्वच अधिकाऱ्याच्या वागण्यावर अवलंबून असते. त्याचा आदेश बेकायदा असेल तर बहुधा गुन्हाच घडलेला नसतो. म्हणजे अडथळ्याच्या प्रत्येक खटल्यात एक उलटतपासणी दडलेली असते, आणि ती अधिकाऱ्याची असते. तडजोड झाली की आधी तीच गळते. फिर्यादी, साक्षीदार आणि ज्याच्या कृतीची कायदेशीरता तपासायची तो, अशा तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे असलेल्या प्रकरणात हे होणे मला सर्वांत धोक्याचे वाटते.

शिवाय दोषसिद्धीने पुढचे दारही बंद होते. दोषसिद्धी कायम असताना तिच्या मुळावरच घाव घालणारा भरपाईचा दावा चालवता येत नाही, असे १९९४ पासून अमेरिकेचे न्यायसूत्र आहे. सरकारी वकिलाच्या मनात हा हिशेब दर वेळी असतोच असे मी म्हणत नाही. पण किरकोळ दंडाच्या कबुलीत शहराला भरपाईच्या दाव्यापासून अभय मिळते, हे त्यात अंतर्भूतच आहे.

आणि आरोप रद्द झाला तरी? ब्रुकलिनच्या लॅरी थॉम्पसनची गोष्ट (हाही लॅरीच) इथे सांगावी लागते. जानेवारी २०१४ मध्ये त्याच्या घरी आठवड्याभराचे बाळ होते. मानसिक आजार असलेल्या मेहुणीने बाळाच्या अंगावर अत्याचाराच्या खुणा असल्याचा फोन केला. त्या खुणा लंगोटाने उठलेल्या पुरळाच्या निघाल्या. पोलीस आले तेव्हा थॉम्पसनने वॉरंट मागितले. ते नव्हते. पोलीस तरीही आत घुसले, झटापट झाली, आणि त्याच्यावर सरकारी कामात अडथळा व अटकेला विरोध असे आरोप लागले. दोन दिवस तो कोठडीत होता. पुढे आरोप रद्द झाले, पण का, ते सरकारी वकिलाने सांगितले नाही आणि न्यायाधीशानेही नाही. थॉम्पसनने पोलिसांवर दावा लावला तेव्हा हेच मौन त्याला नडले. आरोप रद्द झाले म्हणजे तू निर्दोष होतास असे कुठे लिहिले आहे, असे खालच्या न्यायालयांनी त्याला विचारले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी ही अट काढून टाकली. दोषसिद्धी झाली नाही एवढे दाखवले की पुरे. निकाल चांगलाच आहे. पण त्याने दावेदाराची वाट मोकळी केली, कारण लिहिण्याची सक्ती मात्र कोणावरच आली नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला यात आणखी एक खाच आहे. फ्लोरिडा ज्याला दोषसिद्धी म्हणत नाही, त्याला स्थलांतर कायदा म्हणतो. ‘नो कॉन्टेस्ट’ म्हटले आणि कसलीही शिक्षा किंवा बंधन लागले, की ती दोषसिद्धी धरण्याची व्याख्या १९९६ पासून आहे. व्हिसाच्या अर्जात तर नुसत्या अटकेबद्दलही विचारतात. कबुलीचा परिणाम देशाबाहेर काढले जाण्यात होणार असेल तर वकिलाने अशिलाला आधी सांगितले पाहिजे, असे २०१० मध्ये ठरले. पण पहिल्याच दिवशी व्हिडिओवर कबुली देणाऱ्याला ते कोण आणि कधी सांगणार?

आपल्याकडच्या वाचकाला एव्हाना दंड संहितेतले, सरकारी नोकरावरच्या हल्ल्याचे कलम ३५३ आठवले असेल. ते आता भारतीय न्याय संहितेत १३२ झाले आहे. आपली तऱ्हा वेगळी. इथे तडजोडीची घाई नसते, तारखांचा वर्षानुवर्षांचा रेटा असतो. कार्यकर्त्यांवरचे गुन्हे सरकार बदलले की मागे घेतले जातात आणि एकट्यादुकट्या नागरिकाचे तसेच राहतात. साध्या अडथळ्यासाठी अधिकाऱ्याची लेखी तक्रार असल्याशिवाय कोर्ट दखल घेत नाही. ही तरतूद मला अमेरिकन पद्धतीपेक्षा शहाणपणाची वाटते, कारण अधिकाऱ्याला निदान सही करून जबाबदारी घ्यावी लागते. मात्र जोडीला हल्ल्याचे कलम लावले की ती बाजूला पडते.

प्रत्येक आरोप ज्युरीपुढे न्यावा, असे माझे म्हणणे नाही. तसे केले तर काउंटी कोर्टे आठवड्यात ठप्प होतील. शिवाय खरे अडथळेही असतात. पळणाऱ्याला लपवणारे, रुग्णवाहिकेपुढे गाडी आडवी लावणारे आहेतच. माझी मागणी लहान आहे. अडथळ्याचा आरोप एकटाच, दुसऱ्या कुठल्याही गुन्ह्याशिवाय लागलेला असेल, तर कबुली घेण्याआधी न्यायाधीशाने अधिकाऱ्याचा मूळ आदेश काय होता आणि तो कोणत्या अधिकाराने दिला हे विचारावे, अंगावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण बचावाच्या वकिलाला दाखवलेले असावे, आणि आरोप मागे घेतला तर त्याचे कारण एका ओळीत नोंदवावे. दहा मिनिटांचे काम आहे. काही प्रकरणे त्या दहा मिनिटांत गळून पडतील. काही पोलिसांची नावे पुन्हा पुन्हा येतात, हेही कोणाच्या तरी लक्षात येईल.

वारे मात्र उलट दिशेने वाहते आहे. फ्लोरिडात १ जानेवारी २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. पोलीस किंवा अग्निशमन कर्मचाऱ्याने दूर राहायला बजावल्यानंतर त्याला त्रास देण्याच्या किंवा अडवण्याच्या हेतूने पंचवीस फुटांच्या आत येणे हा गुन्हा, शिक्षा साठ दिवसांपर्यंत कैद किंवा पाचशे डॉलरपर्यंत दंड. हेही खटले त्याच काउंटी कोर्टांत येतील आणि बहुतेक ‘नो कॉन्टेस्ट’वर मिटतील. अंतर पंचवीस फूट होते की तीस, आणि ते कोणी मोजले, हे विचारायला सहा माणसे बसवावी लागतात.