असता तर दिसला असता

कंपायलरने वॉर्निंग दिली नाही म्हणजे चूक नाही, असं अनुमान आमच्या धंद्यात रोज केलं जातं. बसच्या पाट्यांवर गावांची नावं दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिनक्सवर सी भाषेत लिहितो. रिव्ह्यूला बसलेला मुलगा म्हणतो, "मॅडम, बिल्ड क्लीन आहे, एकही वॉर्निंग नाही." तिथे चर्चा संपावी अशी त्याची अपेक्षा असते. मला मात्र ती तिथून सुरू व्हायला हवी असते. ‘दिसलं नाही’ यावरून ‘नाही’ असं कधी म्हणता येतं, हा आपल्या दार्शनिकांनी शतकानुशतकं लावून धरलेला प्रश्न आहे.

स्ट्रकॉपी हे फंक्शन घ्या. कुठून उचलायचं आणि कुठे ठेवायचं, एवढे दोनच पत्ते त्याला मिळतात. जागा किती आहे हे त्याला कोणी सांगत नाही. शून्याचा बाइट भेटेपर्यंत ते लिहीत सुटतं. समजा, गावाच्या नावासाठी १६ बाइटांचा ॲरे आहे. रोमन लिपीतलं कोल्हापूर शेवटच्या शून्यासकट ९ बाइटांत बसतं. देवनागरीत यूटीएफ-८ मध्ये क, ओकार, ल, हलन्त अशा प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. ९ खुणांचे २७ आणि शून्य धरून २८. हे नाव कोडमध्येच लिहिलेलं असेल तर जीसीसी हा कंपायलर बिल्ड करतानाच सांगू शकतो की १६ च्या जागेत २८ बाइट लिहिले जाताहेत. नाव फाइलमधून येत असेल, पण ॲरे कंपायलरच्या नजरेसमोर असेल, तर तो स्ट्रकॉपीच्या जागी तपासणी करणारं फंक्शन बसवू शकतो. मग नाव मावलं नाही तर प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो. फोर्टिफाय सोर्स नावाची ही व्यवस्था रेड हॅटच्या याकुब येलिनेक यांनी २००४ मध्ये मांडली.

आता ॲरे दुसऱ्या फाइलमध्ये आहे आणि फंक्शनच्या हाती फक्त पॉइंटर, म्हणजे पत्ता, आलाय असं धरा. या पत्त्यावर जागा किती, असं कंपायलर स्वतःलाच विचारतो आणि उत्तर येतं उणे एक. हा आकडा बिनचिन्हाचा असल्यामुळे तो प्रत्यक्षात सर्वांत मोठी संख्या ठरतो. म्हणजे ‘माहीत नाही’ आणि ‘कितीही मावेल’ यांची नोंद एकाच आकड्याने होते! तपासणी गळून पडते, साधी स्ट्रकॉपी उरते आणि वॉर्निंग येत नाही.

याला मी या व्यवस्थेचा दोष मानत नाही. कुठलाही प्रोग्रॅम पुढे कसा वागेल हे सरसकट आधी ठरवता येत नाही, हे ट्युरिंगने १९३६ मध्ये आणि राइसने १९५३ मध्ये सिद्ध केलं. मग उगाच संशय घ्यायचा की खात्री असेल तेव्हाच बोलायचं, यातून निवड करावी लागते. दुसरी निवड मला न्याय्य वाटते, कारण ऊठसूट ओरडणारी वॉर्निंग लोक बंद करून टाकतात.

आता दार्शनिकांच्या त्या प्रश्नाकडे येऊ. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धीला, म्हणजे न दिसण्याला, ज्ञानाचं स्वतंत्र साधन, म्हणजे प्रमाण, मानतात. नैयायिकांना ते मान्य नाही. अभावही इंद्रियांनीच कळतो, असं ते म्हणतात. वाद जुना आणि कडाक्याचा आहे, पण योग्यतेची अट दोघांनाही मान्य आहे. उजेडात जमिनीवर घडा नाही असं मी म्हणू शकते, कारण असता तर दिसला असता. अंधारात मला तसं म्हणायचा अधिकार नाही. पिशाच तर भर दुपारीही दिसणारी वस्तू नव्हे, म्हणून त्याच्या न दिसण्याने काहीच सिद्ध होत नाही.

माप आणि मजकूर दोन्ही कंपायलरपुढे असताना तो गप्प राहिला, तर ते ज्ञान आहे. उणे एक हाती घेऊन तो गप्प राहिला, तर ते ज्ञान नाही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, आणि माझी खरी काळजी तीच आहे. माप नसण्याचा धोका जुनाच आहे: नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम ज्या वाटांनी पसरला, त्यांतली एक फिंगर सर्व्हरमधला ५१२ बाइटांचा बफर ही होती. तो भरणाऱ्या गेट्स या फंक्शनला जागेचं माप देण्याची सोयच नव्हती. सीच्या प्रमाणकातून ते वगळलं गेलं २०११ मध्ये.

म्हणून पॉइंटर देणाऱ्याने मापही द्यावं, असा माझा आग्रह असतो. माहिती त्याच्यापाशी असते, आणि ती पुढे न देणं म्हणजे पुढच्याला अंधारात ठेवणं. माप मिळालं की एसएनप्रिंटएफ हे मापापुरतंच लिहिणारं फंक्शन वापरता येतं. पण १६ बाइटांत तेही पाटीवर ‘कोल्ह’ एवढंच लिहील आणि शेवटचं शून्य सोडून लागणाऱ्या बाइटांचा आकडा, २७, परत करेल. तो आकडा कोडमध्ये पुढे कोणी तपासतं का, हे मी त्या मुलाला लगेच विचारते.