माडाचा वानप्रस्थ

गुहागरच्या आमच्या आगरात विहिरीमागे तीन म्हातारे माड आहेत. मामंजींनी लावलेले, साठी ओलांडलेले. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या मधल्या जागेत मी बाणवलीची चार रोपं लावली. पाचवं त्याच आठवड्यात कुंपणाशी, उघड्यावर. शेणखत तेच, शिंपणं तेच. उघड्यावरच्या माडाला सातव्या वर्षी पोय आली. सावलीतले चौघे उजेड शोधत नुसते उंच वाढले, अजून पोय नाही.

जाणकार सांगतात, खाली रोपं लावली की वरचे माड तीन-चार वर्षांत एकेक करून काढावेत. मी काढले नाहीत. धरता माड तोडणं पाप, हे लहानपणापासून ऐकलेलं, आणि मी ते मानते. शिवाय तिघे मिळून वर्षाला शंभरेक नारळ अजून देतात.

पण माडाचं खोड आंब्यासारखं वर्षागणिक जाड होत नाही. लहानपणी बुंधा जेवढा भरला, तेवढाच जन्मभर. पुढे कितीही ऊन दिलं तरी ती कसर भरून निघत नाही. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मनुस्मृतीत वानप्रस्थाची वेळ सांगितली आहे: अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंडाचं तोंड दिसलं, की निघावं. निकामी झाल्यावर निघा, असं तिथे म्हटलेलं नाही. मामंजींनी सत्तराव्या वर्षी, हातपाय धड असताना, आगराची वही आणि कोठीची किल्ली माझ्या हाती दिली. पहिल्याच वर्षी मी सुपारी घाईने विकली, तोटा झाला. ते ओटीवर बसून होते. एक शब्द बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याला मी आजही नमस्कार करते.

माणूस उठून बाजूला होतो. माडाला पाय नाहीत. त्याचं निघणं आपल्यालाच करावं लागतं, आणि त्याचं पाप लागणार असेल तर ते मला लागो. पण शंभर नारळांसाठी चार झाडांचं लहानपण अंधारात घालवलं, ते पाप मी आधीच केलं आहे, आणि माझ्या मते ते मोठं.

या नारळी पौर्णिमेला समुद्राला त्याच तीन माडांचे नारळ जातील. दिवाळीनंतर दोन उतरवायचे. बुंध्याशी नारळ ठेवून गाऱ्हाणं मीच घालणार. तिसरा पुढच्या वर्षी. खोडं चिरून गोठ्याला वासे होतील.