साज आणि साक्ष

वस्तू जुनी झाली म्हणजे मालक तिचा धनी राहतो की राखणदार होतो, हा प्रश्न देवळे, ताम्रपट व पोथ्या यांच्या संबंधात विद्वानांनी पुष्कळ चर्चिला आहे. एका मोटारीच्या आसनावरून तो आमच्यापुढे उभा राहील, असे मात्र आम्हांस कधी वाटले नव्हते. विषय क्षुल्लक आहे असे वाचकांस वाटण्याचा संभव आहे. आम्हांसही प्रथम तो तसाच वाटला होता.

आमचे वास्तव्य अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मिशिगनमध्ये आहे. तेथे इप्सिलँटी शहरानजीक विलो रन म्हणून एक ठिकाण आहे. दुसऱ्या महायुद्धात फोर्ड कंपनीने बाँबफेकी विमाने बांधण्यासाठी तेथे प्रचंड कारखाना उभारला होता. १९५३ साली तो जनरल मोटर्सकडे गेला, आणि पुढे त्याच परिसरात शेव्हरोलेची कॉर्व्हेअर ही गाडी बांधली जाऊ लागली. आमच्याजवळ आहे ती १९६३ ची, मोंझा जातीची, दोन दारांची कॉर्व्हेअर.

१९५८ च्या मंदीने अमेरिकन गृहस्थाचा हात आखडला होता, आणि फोक्सवागनसारख्या लहान परदेशी गाड्या त्याच्या अंगणात येऊ लागल्या होत्या. तेव्हा १९५९ च्या शरद ऋतूत तिकडील तिन्ही बड्या कारखानदारांनी आपापल्या आटोपशीर गाड्या बाजारात आणल्या: फोर्डची फाल्कन, क्रायस्लरची व्हॅलियंट आणि शेव्हरोलेची कॉर्व्हेअर. तिघींत कॉर्व्हेअरच खरी बंडखोर. तिचे इंजिन मागे, तेही अ‍ॅल्युमिनियमचे व हवेने थंड होणारे. पण यंत्ररचनेत एवढे धाडस करूनही काटकसरीची गाडी म्हणून ती फाल्कनपुढे फिकी पडली. तिला तारले ते तिच्या साजाने. १९६० साली कंपनीने त्याच गाडीत सलग बाकाऐवजी पुढे दोन स्वतंत्र खोलगट आसने बसविली, त्यांवर उंची व्हिनाइल चढविले, बाहेर थोडे क्रोम लावले आणि तिला मोंझा हे नाव दिले. थोड्याच काळात मोंझा हाच कॉर्व्हेअरचा सर्वांत खपणारा प्रकार ठरला. १९६४ च्या एप्रिलमध्ये फोर्डने फाल्कनच्याच सांगाड्यातून मुस्टँग घडविली, तिच्यामागेही मोंझाच्या यशाचा धडा होता असे मानतात.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, साज म्हणजे वरवरची गोष्ट, खरी वस्तू आत असते, अशी आपली एक तत्त्वज्ञानी सवय आहे. आत्मा आणि देह यांच्या जोडीने वाढलेल्या आपल्या मनाला ती फार सोयीची पडते. परंतु मोंझाच्या बाबतीत ती टिकत नाही. तिच्यातून आसनांची आच्छादने, दारांच्या आतील पट, छताचे अस्तर, क्रोमच्या पट्ट्या व नाममुद्रा काढून घ्या. मागे उरेल ती उत्तम गाडी असेल, पण मोंझा नसेल. येथे अलंकार हाच अर्थ आहे. तेव्हा त्या साजाची नोंद ठेवणे हा निव्वळ छांदिष्टपणा म्हणता येत नाही.

आता ही नोंद कशी ठेवावयाची? गाडीचा सांगाडा करणाऱ्या फिशर बॉडी या विभागाने प्रत्येक गाडीवर एक लहानशी धातूची पट्टी ठोकलेली असते. तीवर सांगाड्याचा प्रकार व क्रमांक, आतील साजाचा क्रमांक आणि रंगाचा क्रमांक उठविलेला असतो. तीच गाडीची जन्मपत्रिका. परंतु पत्रिकेवरून मनुष्य ओळखता येत नाही, तसेच येथेही आहे. साज तांबडा होता एवढे पट्टी सांगते. शिवण किती अंतरावर होती, कापडाचा दाणा कसा होता, काठाची गोट केवढी जाड होती, हे ती सांगत नाही. ते सांगण्यास अस्पर्श राहिलेली गाडीच हवी. आणि अशा गाड्या दरवर्षी कमी होत आहेत, कारण प्रत्येक मालक प्रेमाने आपली गाडी नवी करून घेतो! हुबेहूब आच्छादने विकत मिळतात. नकली पट्ट्यादेखील मिळतात, आणि ‘मूळ’ या एका शब्दाने किंमत चढत असल्यामुळे त्यांस गिऱ्हाइकही मिळते.

आमची गाडी आम्ही एका वृद्ध गृहस्थाकडून घेतली, तेव्हा आतील सर्व काही मूळचे आहे असे त्याने सांगितले. तो खोटे बोलला असे आम्हांस आजही वाटत नाही. त्याला जसे सांगितले गेले तसे त्याने सांगितले. पट्टीवरील क्रमांक आणि आसनांचा तांबडा रंग यांचा मेळ बसत होता. आम्ही एक जाड वही केली, प्रत्येक भागाची छायाचित्रे काढली, शिवणींची अंतरे मोजली, आणि आसनांच्या पानावर ‘मूळ’ असे ठळक अक्षरांत लिहिले. पुढे कॉर्व्हेअरच्या छंदी मंडळींत ती पाने फिरू लागली. कोणी नक्कल मागितली की आम्ही मोठ्या आनंदाने पाठवीत असू. आपण जगाच्या ज्ञानात भर घालीत आहो, अशी एक सुखद समजूत त्या काळात आमची झाली होती.

एका हिवाळ्यात मागील बाकाची एक स्प्रिंग तुटली म्हणून आम्ही तो उलटा केला. आच्छादन स्प्रिंगांना लहान लोखंडी कड्यांनी जखडलेले असते. स्प्रिंगा गंजून तपकिरी झाल्या होत्या. कड्या मात्र बहुतेक कोऱ्या होत्या. एका कोपऱ्यात एकच जुनी गंजलेली कडी राहून गेली होती, आणि तिच्या चिमटीत बोटभर तांबड्या व्हिनाइलची चिंधी अडकलेली होती. रंग तोच, पण दाणा निराळा, बराच बारीक. कोणी तरी केव्हा तरी सबंध आच्छादन बदलले होते. इतक्या सफाईने की पट्टीही त्याच्या बाजूने साक्ष देत होती. पुढची आसने तपासली. तेथेही तोच प्रकार.

प्राचीनांनी या कोड्याचा विचार केला नाही असे नाही. थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्यावर ते तेच जहाज राहिले काय, हा ग्रीकांचा वाद प्रसिद्धच आहे. आपल्याकडे मिलिंद राजास नागसेनाने रथावरूनच पेचात धरले होते. आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, असे विचारीत त्याने रथ हे अवयवांच्या आश्रयाने चालणारे एक नाव आहे, एवढेच राजाच्या पदरात टाकले. त्या रात्री हे उत्तर आम्हांस फार गोड वाटले. मूळ हेही एक नावच. मग आमच्या वहीतील शब्द खोडावयाचा कशाला? पण त्यातील पळवाट आमच्या ध्यानी येण्यास वेळ लागला नाही. नागसेनास वस्तू काय आहे हे सांगावयाचे होते. आमच्यापुढे प्रश्न वस्तूचा नव्हताच, आमच्या शब्दाचा होता. आसन नवे असणे हा कोणाचाच अपराध नव्हे. ते जुने आहे असे आमच्या हस्ताक्षरात लिहिलेले होते.

बदल आणि लपवणूक यांत अंतर आहे, हे इमारतींच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे झालेल्या सनदेने आणि जुन्या वाहनांविषयी २०१३ च्या ट्यूरिन सनदेने आपापल्या परीने सांगितले आहे. दुरुस्ती करावी, पण तिची नोंद ठेवावी, असा दोहोंचा रोख आहे. आम्ही स्वतः गाडीत फेरफार केले नाहीत असे नाही. १९६३ पर्यंतच्या कॉर्व्हेअरची मागील चाके झुलत्या अर्धआसांवर असतात. पुढच्या टायरांत १५ व मागच्यांत २६ पौंड हवा ठेवावी असा कारखान्याचा दंडक होता, आणि तो न पाळल्यास वळणावर गाडी दगा देऊ शके. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण या गाडीवर लिहिले. पुढे १९७२ साली सरकारी तपासणीत ती तत्कालीन इतर गाड्यांपेक्षा अधिक वाईट नसल्याचे ठरले, पण तोवर कारखान्याने १९६९ मध्येच तिला निरोप दिला होता. आम्ही तीत सुरक्षापट्टे बसविले, कारण आमची नातवंडे तीत बसतात. मूळ रूपाच्या मोहासाठी त्यांस उघड्यावर बसविणे हा आमच्या मते निव्वळ निर्दयपणा झाला असता. ते पट्टे वहीत तारखेसह नोंदलेले आहेत. कोणी विचारो वा न विचारो, पान उघडताच दिसतात.

आमच्या कुटुंबाने हा सगळा खल ऐकून एकदाच तोंड उघडले. “माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या सासूबाईंच्या. पोत मी तीनदा नवी ओवून घेतली. कोणी विचारले तर तसे सांगते. त्यात कमीपणा कसला?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तरीही सांगणे सोपे गेले नाही. आक्षेप बाहेरून येण्यापूर्वी आम्हीच ते स्वतःपुढे मांडले. कॉर्व्हेअर सुमारे १८ लाख झाल्या. एकीच्या आसनाचे एवढे काय? परंतु राजेरजवाड्यांची सिंहासने वस्तुसंग्रहालयांत काचेआड सुखरूप असतात. शाळेला, बाजाराला, दवाखान्याला नेणाऱ्या मध्यम स्थितीतील कुटुंबांच्या वस्तू मुबलक म्हणूनच कोणी जपत नाही, आणि मग एके दिवशी त्यांच्याविषयी खात्रीने बोलणारा कोणी उरत नाही. शेव्हरोलेकडून एकेका गाडीच्या साजाची नोंद मालकास मिळत नाही. अशा ठिकाणी आमच्यासारख्याची वही हाच पुरावा होऊन बसतो, आणि तो खोटा निघाला तर तो आसनासारखा एका गाडीत राहत नाही. नकलेबरोबर दहा ठिकाणी जातो.

ज्यांस ज्यांस पाने पाठविली होती त्या सर्वांस आम्ही चिंधीच्या छायाचित्रासह पत्रे लिहिली. बहुतेकांनी आभार मानले. ओहायोतील एका निवृत्त शिक्षकाचे उत्तर मात्र उशिरा आले. त्याने आमची मापे प्रमाण धरून बरेच पैसे खर्चून आपल्या गाडीची आसने शिवून घेतली होती. त्याने रागावून काही लिहिले नव्हते. आपण त्या आसनांवर फार समाधानी होतो, आणि हे आपणांस कळवून कोणाचे काय हित झाले, एवढेच त्याने विचारले होते. त्याच्या हिताचा विचार आम्ही पत्र लिहिण्यापूर्वी केला होता काय? खरे सांगावयाचे तर केला नव्हता. आमच्या वहीची चिंता आम्हांस अधिक होती. शिवणावळीचा निम्मा भार आम्ही उचलू असे आम्ही त्यास कळविले. त्याने ते स्वीकारले नाही. बारीक दाण्याच्या त्या चिंधीचा तुकडा मात्र मागितला, आणि आम्ही निम्मी चिंधी कापून त्यास पाठविली.

उरलेली निम्मी एका पाकिटात घालून वहीत लावली आहे. ‘मूळ’ या शब्दावर एकच रेघ ओढली आहे, खालचे अक्षर वाचता येईल अशी. पान फाडलेले नाही. आसने आहेत तशीच ठेवली आहेत. तुटलेली स्प्रिंग बदलली, तिची तारीख त्याच पानावर खाली आहे.