तिजोरीतलं सोनं दिसलं पाहिजे

'गोल्डफिंगर' (1964) हा बाँडपट पाहिलेल्यांना अमेरिकी सरकारच्या सोन्याची फोर्ट नॉक्सची तिजोरी आतून ठाऊक असते. चकचकीत गज, त्यामागे छतापर्यंत रचलेल्या सोन्याच्या विटा. नेपथ्यकार केन ॲडमने ती लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत उभारली. खऱ्या तिजोरीत जायची परवानगी नव्हतीच. बँक ऑफ इंग्लंडची तळघरं त्याने पाहिली होती, पण ती त्याला अगदीच नीरस वाटली. सोनं जड, ते इतकं उंच कोण रचणार? खऱ्या तिजोरीचं काम लपवण्याचं असतं. त्याने ती दाखवण्यासाठी बांधली आणि लोकांना हीच खरी वाटली.

'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये (1967) ॲडमने ज्वालामुखीच्या पोटात खलनायकाचा अड्डा बसवला. त्याचा आपल्याकडचा वारस म्हणजे 'शान'मधला (1980) शाकाल: तुळतुळीत टक्कल, बेटावरचा अड्डा, फिरतं टेबल, मगर. बाँडच्या बंदुका आणि मोटारींपेक्षा या खोल्याच जास्त टिकल्या, असं मला वाटतं. माणूस किती धोकादायक, हे आपण त्याच्या दिवाणखान्यावरून ठरवायला लागलो.

नाशिककराचे डोळे तरी एवढे फसायला नको होते. नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापल्या जातात. त्याआधी त्या इंग्लंडहून छापून यायच्या. 'प्रेसमध्ये कामाला' असलेला कुणीतरी इथे प्रत्येकाच्या ओळखीत निघतो, पण आतलं दृश्य बाकीच्यांनी पाहिलेलं नसतं. बाहेरून काय, तर भिंत, काटेरी तारा, गेट आणि पाळी सुटली की गर्दी. एवढ्यावर बाँडपट उभा राहत नाही.

पण खरा घोटाळा घडला तो इथूनच. मुद्रांक छापणाऱ्या सिक्युरिटी प्रेसची जुनी यंत्रं मोडीत निघाली, लिलाव झाला आणि ती अब्दुल करीम तेलगीच्या हाती लागली. त्यावर छापलेले बनावट मुद्रांक देशभर खपले. सिनेमातल्या खलनायकाला, गोल्डफिंगरला, लेझर लागला, विमानं लागली, विषारी वायू लागला. तरी त्याचा बेत मला आवडतो: सोनं न चोरता ते किरणोत्सारी करून टाकायचं, म्हणजे आपल्याजवळच्या सोन्याचा भाव चढेल. डोकं अस्सल सराफाचं! तेलगीला मात्र मोडीचा लिलाव पुरला. वर मुद्रांक विकण्याचा रीतसर सरकारी परवानाही त्याने काढला होता. शाकालला हे सुचलंच नसतं.