सरकारी धडा आणि घरचा कित्ता

सद्गुण शिकविता येतो काय? प्लेटोच्या ‘मेनो’ ह्या संवादाचा आरंभच ह्या प्रश्नाने होतो आणि सॉक्रेटिसाने बराच ऊहापोह करूनही अखेरीस त्याचे निर्णायक उत्तर हाती येत नाही. भूमिती शिकविता येते, व्याकरण शिकविता येते. परंतु संयम, कृतज्ञता, परक्याच्या वाट्याचे पाणी न उपसण्याची बुद्धी ह्या गोष्टी फळ्यावर लिहून मुलांच्या अंगी बाणविता येतात काय? आणि त्या शिकविण्याचा अधिकार कोणाचा? शासनाचा, शाळेचा, की आईबापांचा? आपल्या मुलांच्या दप्तरात पर्यावरणाचे पाठ्यपुस्तक आले, तेव्हापासून हा जुना प्रश्न तत्त्वज्ञांच्या मठीतून निघून आपल्या ओटीवर येऊन बसला आहे. त्याचा थोडा विचार येथे करावा असे आम्हांला वाटते.

हे पुस्तक दप्तरात कसे आले, हे प्रथम पाहू. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने आपल्या राज्यघटनेत दोन गोष्टींची भर पडली. ४८-अ ह्या कलमाने पर्यावरणाचे आणि वनांचे रक्षण करण्यासाठी राज्याने झटावे असे सांगितले. ५१-अ ह्या कलमाने निसर्गाचा सांभाळ करणे व प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले. एक जबाबदारी राज्यकर्त्यांची, दुसरी आपली. पुढे एम. सी. मेहता ह्या वकिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी आदेश दिला, की शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरण हा विषय सक्तीने शिकविला जावा. चित्रपटगृहांतून पर्यावरणविषयक संदेश विनामूल्य दाखविले जावेत, असेही त्या आदेशात होते. आदेशाची अंमलबजावणी रेंगाळली. अखेर डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले आणि त्यानंतर सर्व इयत्तांच्या अभ्यासक्रमाला निश्चित आकार आला.

हे काम एकट्या सरकारच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून सरकारने संस्थांचा हात धरला. १९८४ साली अहमदाबाद येथे केंद्र सरकार आणि नेहरू विकास प्रतिष्ठान ह्यांच्या सहकार्यातून पर्यावरण शिक्षण केंद्र उभे राहिले. २००१-०२ पासून ‘राष्ट्रीय हरित सेना’ ह्या योजनेखाली गावोगावच्या शाळांत पर्यावरण मंडळे निघाली. महाराष्ट्रात २०२० साली इयत्ता नववीसाठी ‘जलसुरक्षा’ ह्या विषयाचे पाठ्यपुस्तक आले. ह्या सहकार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. दुर्गम पाड्यावरच्या शाळेपर्यंत पुस्तक पोचविणे, हजारो शिक्षकांना प्रशिक्षण देणे, वेळापत्रकात तासिका राखून ठेवणे ही कामे शासनाच्या पाठबळाविना होत नाहीत.

तथापि ह्या सहकार्यावर दोन गंभीर आक्षेप घेतले जातात. ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप शासनाच्या दुहेरी भूमिकेविषयी आहे. एका खात्याने झाडे वाचवा म्हणून धडा छापावा आणि दुसऱ्या खात्याने झाडे तोडण्याच्या परवान्यावर सही करावी, असे नेहमी घडते. मग असा धडा देण्याचा नैतिक अधिकार शासनाला उरतो काय? आमच्या मते सांगणाऱ्याचे आचरण खोटे म्हणून सांगितलेले सत्य खोटे ठरत नाही. दारूड्याने दारूचे दुष्परिणाम सांगितले तरी ते खरेच असतात. परंतु मुलाचे कान जे ऐकतात, त्यापेक्षा त्याचे डोळे जे पाहतात त्याचा ठसा खोल उमटतो. धडा आणि वर्तन ह्यांत फारच अंतर पडले, की मूल धड्याचा द्वेष करीत नाही. धडा हा केवळ लिहिण्यापुरता असतो एवढेच ते शिकते. ढोंगाचे हे पहिले शिक्षण होय, आणि त्याची हानी एखाद्या तोडलेल्या झाडापेक्षा मोठी आहे.

दुसरा आक्षेप परीक्षेविषयी आहे. जे गुणपत्रिकेत बसते तेच शिकविले जाते. ऑक्टोबर १९७७ मध्ये जॉर्जियातील तिब्लिसी येथे युनेस्को व संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम ह्यांनी अनेक राष्ट्रांच्या सरकारांची परिषद भरविली होती. पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टे तिने सांगितली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग. आपल्या परीक्षा बहुधा दुसऱ्या पायरीवरच थांबतात. ओझोनच्या थराची व्याख्या मुलाला बिनचूक येते. घरामागच्या विहिरीला मे महिन्यात किती हात पाणी उरते, हे मात्र त्याला ठाऊक नसते. पर्यावरण रक्षणाचा ‘प्रकल्प’ थर्माकोल कापून तयार केला जातो, तयार चित्रे दुकानातून विकत आणून वहीत चिकटविली जातात आणि शेरा मिळतो ‘उत्तम’. ह्यात मुलांचा दोष नाही. आम्ही मोठ्यांनी जे मोजले, तेच त्यांनी दिले.

मग सरकार आणि संस्था ह्यांच्या सहकार्यातून खरे शिक्षण घडूच शकत नाही काय? घडू शकते, आणि त्याचे एक उदाहरण हिमालयातील अल्मोडा येथे आहे. १९८७ साली केंद्राच्या शिक्षण विभागाने तेथील उत्तराखंड सेवा निधी ह्या संस्थेवर डोंगराळ जिल्ह्यांसाठी स्थानिक परिस्थितीला अनुरूप असे पर्यावरण शिक्षण उभे करण्याची जबाबदारी सोपविली. तो प्रदेश तेव्हा उत्तर प्रदेशात होता. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ‘आमची भूमी, आमचे जीवन’ अशा अर्थाच्या नावाचा अभ्यासक्रम संस्थेने तयार केला. राज्य वेगळे झाल्यावर २००२ साली तो उत्तराखंडच्या शाळांत नियमित विषय म्हणून स्वीकारला गेला.

ह्या अभ्यासक्रमाचे वेगळेपण त्याच्या कृतीत आहे. मुले आपल्याच गावात मोजमाप करतात. घरात सरपण किती जळते, गुरांना चारा किती लागतो, झऱ्याचे पाणी किती येते, आणि गावची जमीन एवढा भार पेलू शकते काय, ह्याचा हिशेब ती वहीत मांडतात. ते सरपण आणि तो चारा डोंगरातून डोक्यावरून आणणारी माणसे बहुतांशी त्यांच्याच आया-बहिणी असतात. म्हणजे ह्या वहीतील आकडा हा आईच्या कष्टाचा आकडा असतो. येथे ज्ञान आणि माया ह्यांची गाठ पडते. ज्याने एकदा मोजले, तो पुढे विचारू लागतो: हे असे का झाले, आणि कोणी केले?

आमच्या मते सगळा प्रश्न येथेच येऊन ठेपतो. शिकविलेले मूल प्रश्न विचारणार. तो प्रश्न विचारण्याची मुभा देणारे सहकार्य तेवढे खरे. केवळ घोषणा, प्रभातफेऱ्या आणि वृक्षारोपणाची छायाचित्रे मागणारे सहकार्य म्हणजे उत्सव. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेची कसोटीही हीच आहे. मुलाच्या वहीतला आकडा सरकारला गैरसोयीचा निघाला, तर ती वही मिटविली जाते काय, हे पाहावे.

परंतु प्रश्न सरकारपाशीच थांबत नाही. अल्मोड्याची ही रीत आपल्या वसईच्या एखाद्या शाळेने उद्या उचलली, अशी कल्पना करू. मुले विहिरींची खोली मोजतील. गावात पूर्वी किती बावखले होती आणि आज किती उरली, ह्याची यादी करतील. पाण्याचे टँकर कोठून भरले जातात, हेही टिपून ठेवतील. यादी घेऊन ती महापालिकेकडे जातील, हे योग्यच. पण त्याआधी ती घरी येतील आणि विचारतील, की आपल्या वाडीच्या कडेचे बावखल कोणी बुजविले, आणि आपल्या विहिरीचे पाणी आपण कोणास आणि किती विकतो? ह्या प्रश्नाला मंत्रालयातून उत्तर येणार नाही. वाडी विकणे हे प्रत्येक वेळी लोभाचेच असते असे आम्ही म्हणत नाही. आजारपण, मुलींची लग्ने, मुलांचे शिक्षण, भावाभावांतील वाटण्या ही कारणे खरी असतात. मात्र कारण खरे असले, तर ते मुलापुढे मोकळेपणाने मांडता आले पाहिजे. जे मुलाला सांगवत नाही, ते करताना आपण थोडे थांबावे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली, तेव्हा पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा झालेला नव्हता. तरीही त्या लढ्यात वडीलधारी माणसे रस्त्यावर उतरलेली ज्या मुलांनी पाहिली, त्यांना एक धडा मिळालाच. पाठ्यपुस्तकाविना दिलेले ते शिक्षण होते.

मुलांचे आद्य शिक्षक त्यांचे आईवडीलच होत आणि शासनाने त्यांना साहाय्य करावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणविषयक जाहीरनाम्यात स्पष्ट केले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रात हाच धागा पर्यावरणापर्यंत नेला. नुसत्या माहितीने सवयी लागत नाहीत आणि कायदे असून भागत नाही. घरातील लहानसहान कृतींनीच माणूस घडतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. ह्याचा अर्थ शासनाने बाजूला व्हावे असा नव्हे. ज्या घरात पुस्तक नाही, तेथे ते नेऊन देणे शासनाचे काम. ते पुस्तक आपल्या परिसराचे असावे, हे पाहणे संस्थांचे काम. आणि पुस्तकात लिहिलेले खरे असते, ह्याची साक्ष देणे हे घराचे काम.

तेव्हा सद्गुण शिकविता येतो काय? आमचे उत्तर असे, की त्याचे अक्षर शाळेत ओळखता येते. ते वळणदार होते कित्ता गिरवून. जुन्या काळी गुरुजी वहीच्या पहिल्या ओळीत स्वतःच्या हाताने अक्षर काढून देत आणि खालच्या ओळी मुलाने भरायच्या असत. पर्यावरणाची वही सरकारने दिली आहे, रेघाही आखून दिल्या आहेत. पहिली ओळ मात्र आपल्यालाच लिहावयाची आहे.